डोळ्यातला घड: शास्त्रज्ञ आपलं ज्ञान विद्यापीठाबाहेर का आणतात?

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता आणि द्राक्षबागांची गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, तोंडावर आली होती. दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या गावात मारुतीच्या सभामंडपात एक टेबल मांडलं होतं. त्यावर सूक्ष्मदर्शक, बाजूला ब्लेडची पाकिटं. जो तो आपल्या बागेतल्या काड्या सुतळीनं बांधून, चिठ्ठीवर प्लॉटचं नाव लिहून घेऊन आलेला. कृषी महाविद्यालयात शिकवणारे एक सर काडीवरचा एकेक डोळा, म्हणजे जिथून नवी फूट येते तो कोंब, ब्लेडनं चिरत होते, भिंगाखाली धरत होते आणि मालकाला बोलावून दाखवत होते. "हा फुगीर भाग दिसतोय ना, तो घड. तुमच्या काडीला पाचव्या आणि सहाव्या डोळ्यात आहे. त्याच्या खाली छाटलंत तर घड गेला."

खसखशीच्या दाण्याहून लहान तो ठिपका बघायला पोरंसोरं, बायाबापड्या सगळे रांगेत उभे. ज्या द्राक्षांचे कंटेनर जानेवारी-फेब्रुवारीत भरायचे, ती सप्टेंबरातच डोळ्यात येऊन बसलेली असतात, हे माझ्या आईनं त्या रात्री पहिल्यांदा स्वतःच्या नजरेनं पाहिलं. पस्तीस वर्षं बागेत राबल्यानंतर.

साडेदहा वाजले. सरांना शाल-श्रीफळ दिलं, चहा झाला आणि ते स्वतःच्या गाडीनं नाशिककडे निघून गेले. घरी येताना आप्पा, म्हणजे माझे चुलते, म्हणाले, "पगार त्यांना कॉलेज देतंय. इथं आले नसते तरी तेवढाच मिळाला असता. मग ह्यातनं त्यांना काय मिळत असंल गं?"

आप्पांच्या प्रश्नावर जगभरच्या अभ्यासकांनी बराच विचार केला आहे. मला तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण उत्तर चुकलं तर अशी माणसं गावात येणं बंद होतं. म्हणून जमेल तितक्या सोप्या शब्दांत मांडते.

आधी विद्यापीठातला हिशेब पाहू. प्राध्यापकाची बढती कशावर ठरते? विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१० मध्ये गुणांची एक पद्धत आणली. तिला सगळे 'एपीआय' म्हणतात. शोधनिबंध, पुस्तकं, परिषदा, संशोधन प्रकल्प, पीएच.डी.चे विद्यार्थी, या प्रत्येकाला गुण. विस्तारकार्यासाठीही, म्हणजे ज्ञान लोकांपर्यंत नेण्याच्या कामासाठीही, एक रकाना होता, पण तो एनएसएस, क्रीडा, समित्या अशा कामांत मिसळून गेलेला. २०१८ मध्ये नियम बदलले, तरी शोधनिबंधांचं वजन राहिलंच. म्हणजे आमच्या सरांनी ती रात्र घरी बसून एखादा शोधनिबंध पुढे सरकवला असता, तर कागदावर त्यांचा फायदा जास्त होता.

कृषी विद्यापीठांची गोष्ट थोडी वेगळी आहे. नाशिक जिल्हा ज्याच्या कार्यक्षेत्रात येतो ते राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ चं. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तीन कामं कृषी विद्यापीठांच्या रचनेतच आहेत. तिथल्या माणसाला शेतावर जाणं हे कामाचाच भाग म्हणून सांगितलेलं असतं. पण नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना असं कुणी सांगितलेलं नसतं. आणि सांगितलेलं असलं तरी प्रश्न उरतोच. विस्ताराचं काम पाच वाजता संपवता येतं. साडेदहापर्यंत थांबायला कुणी सक्ती करत नाही.

ब्रिटनमधल्या संशोधक ॲलिस लॅम यांनी २०११ मध्ये या विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या पाच मोठ्या विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांशी बोलून त्यांनी विचारलं, की तुम्ही तुमचं संशोधन उद्योगांकडे, बाजाराकडे का नेता? उत्तरांची त्यांनी तीन गाठोडी बांधली: सोनं, मानाची फीत आणि कोडं. आपल्याकडे फितीच्या जागी शाल म्हणू. सोनं म्हणजे पैसा, शाल म्हणजे मान, आणि कोडं म्हणजे गुंता सुटण्यातला आनंद. लक्षात घ्या, हा अभ्यास पेटंट, सल्ला, कंपनी काढणं अशा कामांबद्दल होता. म्हणजे पैसा जिथे सगळ्यात जवळ असतो तिथला. तिथेसुद्धा पैसा हे मुख्य कारण सांगणारे थोडेच निघाले. शाल आणि कोडं यांचंच पारडं जड.

लॅम यांच्या अभ्यासातला मला सगळ्यात पटलेला भाग पुढचा आहे. बाहेरून एकच दिसणारं काम वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या कारणांनी करतात. काहींना बाजाराशी संबंध मनापासून आवडत नाही, तरी ते करतात, कारण त्यातून प्रयोगशाळेला निधी मिळतो आणि संशोधकांच्या जगात नाव होतं. काहींना मात्र आपली कल्पना प्रत्यक्षात चालताना बघण्यातच सुख असतं, आणि पैसा आला तर त्यांना तो नकोसा नसतो. दोघंही एकाच कंपनीच्या दारात उभे दिसतील. म्हणून 'शास्त्रज्ञांना काय हवं असतं' असं सरसकट विचारून उपयोग नाही. कुणाला काय हवंय, हे त्या त्या माणसालाच विचारावं लागतं.

आता शालीकडे येऊ, कारण तिथे एक गफलत होते. गावानं दिलेली शाल आणि शास्त्रज्ञाला हवी असलेली शाल या वेगळ्या. शास्त्रज्ञाचा मान ठरतो तो त्याच्याच विषयातल्या इतर शास्त्रज्ञांत. गावातली शाल त्या खात्यात जमा होत नाही, कधी कधी तर तिथून वजा होते. लंडनच्या रॉयल सोसायटीनं २००६ मध्ये १,४८५ संशोधकांचं सर्वेक्षण केलं. जे लोक सामान्य माणसांशी बोलायला जातात त्यांना सहकारी कमी लेखतात, असं त्यात २० टक्के जणांनी सांगितलं. संशोधनातून वेळच उरत नाही ही अडचण ६४ टक्क्यांनी मांडली.

या कमी लेखण्याला नावसुद्धा आहे: सेगन परिणाम. कार्ल सेगन हे अमेरिकेतले ग्रहविज्ञानाचे संशोधक. दूरदर्शन मालिकेमुळे ते घराघरांत पोचले होते. १९९२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्यत्वासाठी त्यांचं नाव पुढे आलं आणि मतदानात पडलं. ज्याला सगळे ओळखतात तो खरा संशोधक नसणार, असा संशय त्यामागे होता, असं बहुतेक जण मानतात. दोनच वर्षांनी त्याच अकादमीनं त्यांना लोकहितासाठी दिलं जाणारं पदक दिलं. पदक मिळालं, सदस्यत्व मात्र शेवटपर्यंत नाही.

आणि तो संशय खरा आहे का? फ्रान्समध्ये पाब्लो जेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेतल्या साडेतीन हजारांहून जास्त शास्त्रज्ञांच्या नोंदी तपासल्या. व्याख्यानं, शाळाभेटी, उद्योगांशी सहकार्य करणारे शास्त्रज्ञ संशोधनातही सरासरीनं जास्त सक्रिय निघाले. याचा अर्थ व्याख्यान दिल्यानं शोधनिबंध चांगले होतात असा लगेच घेऊ नये. उत्साही माणूस दोन्हीकडे उत्साही असतो, इतकंही कारण पुरेसं असेल. पण 'बाहेर बोलणारा आत कच्चा' हा समज त्यांच्या आकड्यांपुढे टिकत नाही. खेदाची गोष्ट ही, की या बाहेरच्या कामाचा बढतीत त्यांना जवळजवळ काहीच फायदा झालेला दिसला नाही.

मग पैसा नाही, बढती नाही, सहकाऱ्यांची वाहवा नाही. उरतं कोडं. आणि इथे द्राक्षबागेकडे परत यावं लागतं.

२०१० सालची गोष्ट नाशिकमध्ये अजून कुणी विसरलेलं नाही. युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. शेतकरी त्याला 'सीसीसी' म्हणतात. हे वाढ रोखणारं संजीवक. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटवा जोरात पळू नये, डोळ्यात घड चांगला तयार व्हावा, म्हणून ते वापरलं जायचं. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलीग्रॅम. कंटेनर अडकले, निर्यातदार आणि बागाईतदार दोघंही अडचणीत आले. आमच्या गावात त्या वर्षी ठरलेली दोन लग्नं पुढे ढकलली गेली.

त्यातलं कोडं बघा. औषध मारलं एप्रिल-मेमध्ये, काडीवर. द्राक्षं आली त्यानंतर, दुसऱ्या छाटणीच्या फुटीवर. मग अंश मण्यांत पोचला कसा? तर सीसीसी वेलीत टिकून राहतं, खोडात-काडीत साठतं आणि नव्या फुटीबरोबर पुढे सरकतं. असा प्रश्न बागेतून, बंदरातून, नाकारलेल्या कंटेनरमधून प्रयोगशाळेत येतो. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून असलेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र उर्वरित अंशांच्या तपासणीचं काम आधीपासून करत होतंच. पण एखाद्या रसायनाचा वेलीतला प्रवास किती लांबचा असू शकतो, हे त्या वर्षी सगळ्यांना एकदमच कळलं.

पाब्लो देस्ते आणि मार्कस पर्कमन या दोघांनी, लॅम यांच्याच वर्षी, ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांबद्दल हेच लिहिलं: विद्यापीठातले बहुतेक जण उद्योगांबरोबर काम करतात ते स्वतःच्या संशोधनाला पुढे नेण्यासाठी, पैसा कमावण्यासाठी नव्हे. बाहेर गेलं की नवे प्रश्न मिळतात, नमुने मिळतात, प्रयोगशाळेत उभी करता येणार नाही अशी परिस्थिती मिळते. आमच्या सरांसाठी ती रात्र याचसाठी मोलाची होती. एका संध्याकाळी चाळीसेक बागांच्या काड्या त्यांच्या टेबलावर येऊन पडल्या. वेगवेगळ्या जमिनी, वेगवेगळं पाणी, वेगवेगळ्या तारखांना झालेली खरड छाटणी. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर इतकी विविधता कुठून येणार?

आम्ही देतो आहोत हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही फक्त घेत होतो असं आम्हाला वाटत होतं.

भाषेचंही तसंच. गोडी, म्हणजेच ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवा राहिली, पाऊस झाला, वेलीत साठा कमी असला, तर निघालेला घड बारीक होत होत नाहीसा होतो किंवा त्याची बाळी, म्हणजे वेलीचा नुसता तणावा, होते. आमच्याकडे त्याला 'घड जिरला' म्हणतात. शास्त्रीय लेखनात त्याला फिलेज असं नाव आहे. 'जिरला' या शब्दात पाणी जमिनीत मुरावं तसं काहीतरी आत परत जातंय हे चित्र आहे, आणि ते पुष्कळ अंशी बरोबरही आहे. सर सांगत होते, की हा शब्द कळल्यावर वर्गात शिकवताना त्यांना स्वतःलाच विषय जास्त नीट सांगता यायला लागला. मराठीत समजावून सांगता येणं ही शास्त्रज्ञाची स्वतःची परीक्षाही असते, असं मला वाटतं. इंग्रजी संज्ञेच्या आड लपायला तिथे जागा नसते.

कोड्यापलीकडे आणखी एक कारण आहे. त्याला कर्तव्य म्हणा, ऋण म्हणा. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४२ मध्ये लिहिलं, की विज्ञान चालतं ते काही अलिखित नियमांवर. त्यातला एक असा, की शोध कुणा एकाच्या मालकीचा नसतो, तो सगळ्यांचा असतो. शास्त्रज्ञाला त्यातून श्रेय मिळतं, मालकी नाही. मर्टन बोलत होते ते शास्त्रज्ञांच्या आपसातल्या देवाणघेवाणीबद्दल. पण 'सगळ्यांचा' या शब्दाची हद्द विद्यापीठाच्या कुंपणापाशी का थांबावी, हा प्रश्न काही जणांना गप्प बसू देत नाही.

जयंत नारळीकर त्यातले. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्याचे ते अध्यक्ष होते, पण प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांची एक गोष्ट आप्पांच्या प्रश्नाला नेमकी लागू पडते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. तोवर त्यांना पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झाली होती आणि ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. परीक्षकांनी नावाकडे न बघता कथेकडे बघावं एवढंच त्यांना हवं होतं, आणि कथेला पहिलं बक्षीस मिळालं. शालीसाठी लिहिणारा माणूस स्वतःचं नाव झाकत नाही.

त्यांच्याकडे मुलं स्वाक्षरी मागायला यायची. ते म्हणायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही येईल. आणि खरोखर उत्तरं यायची. यात मोठी युक्ती आहे. सही मागणारं मूल शाल घेऊन आलेलं असतं, आणि ते त्याला कोडं घेऊन यायला सांगतात.

तिसरं कारण मातीचं. रमेश रासकर हे नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि अमेरिकेत एमआयटीत प्राध्यापक झालेले. प्रकाश पुढे सरकताना दिसावा इतका वेगवान, सेकंदाला लाख कोटी चित्रांच्या तोडीचा कॅमेरा त्यांच्या गटानं तयार केला. तेच रासकर २०१५ च्या सिंहस्थाआधी 'कुंभथॉन' या उपक्रमातून नाशिकच्या तरुणांबरोबर बसले: गर्दी कशी मोजायची, आरोग्य, स्वच्छता, वाहतूक यांचं काय करायचं. या कामानं त्यांच्या मूळ विषयात किती भर पडली हे मोजायला जाऊ नये. पंचवटीतली गर्दी ज्यानं लहानपणी पाहिली आहे त्याला लाखो भाविकांच्या प्रश्नात शिरायला वेगळं आमंत्रण लागत नाही.

मानसशास्त्रातली एक मांडणी हे सगळं एका धाग्यात ओवते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोघांनी ती अनेक वर्षांच्या प्रयोगांतून उभी केली. त्यांच्या मते माणूस एखादं काम मनापासून, टिकून करतो ते तीन गरजा भागल्या तर. ते काम मी माझ्या मर्जीनं करतोय असं वाटणं. ते मला जमतंय असं वाटणं. आणि ज्यांच्यासाठी करतोय त्यांच्याशी आपलं नातं आहे असं वाटणं. सभामंडपातली ती रात्र आठवा. सरांना कुणी पाठवलं नव्हतं. डोळा चिरून घड दाखवण्यात त्यांचा हात बसलेला होता. आणि गर्दीतल्या निम्म्या लोकांना ते नावानं हाक मारत होते.

यातली एक गरज काढून घेतली की काय होतं, त्याचंही उदाहरण आहे, पण ते विद्यापीठातलं नाही, पाळणाघरातलं आहे. इस्राएलमधल्या हैफा शहरात पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे. संशोधकांनी दहापैकी सहा पाळणाघरांत उशिरासाठी दंड लावला. उशीर कमी व्हायला हवा होता, तो वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. आधी 'बाई आपल्यासाठी थांबल्यात' याची लाज वाटायची. आता उशीर विकत घेता येत होता. दंड बंद केल्यावरही उशीर कमी झाला नाही. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला.

हे इथे सांगायचं कारण असं. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं २०१९ मध्ये शास्त्रज्ञांच्या सामाजिक जबाबदारीचा मसुदा आणला आणि २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. मसुद्यात प्रत्येक संशोधकानं वर्षातले किमान दहा दिवस समाजासाठी द्यावेत अशी कल्पना होती. हेतू चांगला आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण दहा दिवसांचा हिशेब सुरू झाला की बॅनरपुढचा फोटो आणि हजेरीपत्रक यांनाच काम समजलं जाण्याचा धोका असतो. असा एक कार्यक्रम आमच्या तालुक्यात झाला. पाहुणे आले, फोटो निघाले, काड्या घेऊन आलेल्यांना कुणी विचारलं नाही, आणि दोन वाजता मंडप उतरवला. त्यापेक्षा शिकवण्याचे तास कमी करा, पेट्रोलचा खर्च द्या, वर्षातून एक महिना गावात राहायची मुभा द्या. मर्जी तशीच राहील, फक्त तिची किंमत माणसाला स्वतःच्या खिशातून मोजावी लागणार नाही.

ही किंमत सगळ्यांना सारखी नसते. कायम नोकरीतल्या ज्येष्ठ प्राध्यापकाला एक संध्याकाळ सोडणं जमतं. तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवणारी तरुण प्राध्यापिका घेतलेल्या तासांपुरतेच पैसे मिळवते. तिनं गावात येऊन विज्ञान सांगावं अशी अपेक्षा करताना तिची पुढच्या वर्षीची नेमणूकच नक्की नसते, हे आपण विसरतो. माझ्या ओळखीच्या एक जण सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी वाडीवस्तीवर विहिरीच्या पाण्याची तपासणी करून दाखवतात. त्यांना शाल नको, कोडं त्यांच्याकडे आहेच. त्यांना बाराही महिन्यांचा पगार हवा आहे. तेव्हा 'सोनं महत्त्वाचं नसतं' हे वाक्य पोट भरलेल्या शास्त्रज्ञाबद्दलच खरं आहे, हे लॅम यांच्या अभ्यासाशेजारी लिहून ठेवायला हवं.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला आलं तेव्हापासून 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद आपण वाचतो आहोत. गंगेचं पाणी एकाच दिशेनं वाहतं. गोडी छाटणीच्या त्या रात्रीनंतर जे झालं ते उलट्या दिशेचं होतं.

डिसेंबरात सरांचा मला फोन आला. आमच्या दोन प्लॉटपैकी खालच्या प्लॉटमध्ये घड जिरले होते, वरच्यात नाही. छाटणीत चारच दिवसांचा फरक, रोपं एकाच नर्सरीतली. आप्पा फवारणीची आणि पाण्याची वही ठेवतात, निळ्या शाईत, तारीखवार. सरांनी विचारलं, छाटणीपासून पहिल्या पंचवीस दिवसांची पानं मिळतील का? मी फोटो पाठवले. तासाभरात पुन्हा फोन: अकराव्या दिवशी पाणी का दिलं होतं, पाऊस झालेला असताना?

मी फोन आप्पांकडे दिला. पाऊण तास ते ओट्यावर बसून बोलत होते. एक-दोनदा आत येऊन त्यांनी वहीच नेली.